वास कसा घ्यावा: चार बाटल्या, एक वही आणि भुरी

मराठीत वास येतो आणि वास घेतातही. दोन्ही क्रियापदं मी जन्मभर वापरली, पण त्यांतला फरक कळला तो वास यायचा बंद झाल्यावर. साधी सर्दी झाली होती, चार दिवसांची. नाक मोकळं झालं, घसा बरा झाला. सहाव्या दिवशी सकाळी माझी भाची स्वयंपाकघरात धावत आली आणि तिने आधी शेगडीचं बटण बंद केलं, मग खिडक्या उघडल्या. बटण अर्धवट फिरलेलं राहिलं होतं. मी शेगडीपासून दोन हातांवर उभी होते आणि मला काहीही जाणवलं नव्हतं.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग मिसळतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे शाळेच्या इमारतीखाली बिनवासाचा वायू साठून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूला वास देणं कायद्याने सक्तीचं झालं. हे सांगताना वर्ग नेहमी शांत व्हायचा. हवेच्या एक अब्ज भागांत एखाददुसरा भाग असला तरी माणसाचं नाक ज्याला पकडतं, तो पदार्थ त्या सकाळी माझ्या घरभर पसरला होता आणि माझ्यापुरता तो नव्हताच.

याला चौदा महिने झाले. बरंच परत आलं आहे. ते कसं आलं, ते इथे लिहिते. ज्यांचा वास गेला आहे त्यांना याचा उपयोग होईल, आणि ज्यांचं नाक शाबूत आहे पण त्यांनी ते कधी मन लावून वापरलं नाही, त्यांनाही. रीत दोघांची एकच. मला ती दोघांनी शिकवली: नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी, आणि भुरीने. भुरी माझी कुत्री, नऊ वर्षांची.

आधी नेमकं काय गेलंय ते तपासा

वास गेलेली बहुतेक माणसं ‘तोंडाला चव नाही’ असं म्हणतात. मीही तेच म्हटलं होतं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, अळंबीतली मुरलेली चव) एवढंच सांगते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतांशी वास असतो. चावताना तो घशाच्या मागून वर चढतो आणि नाकात पोचतो.

हे घरी पाहता येतं. फळाच्या स्वादाची एक चघळायची गोळी घ्या, रंग न पाहता. नाक चिमटीत घट्ट धरा आणि गोळी तोंडात टाका. गोड-आंबट कळेल, पण लिंबू की संत्रं ते कळणार नाही. अर्ध्या मिनिटाने चिमटी सोडा. नाक चांगलं असेल तर एका क्षणात फळ ‘उघडतं’. मी चिमटी सोडली तेव्हा काहीच बदललं नाही, गोड होतं ते नुसतं गोडच राहिलं. ही नोंद माझ्या वहीतली पहिली.

दुसरी फसगत तिखट-थंड वासांची. पुदिना, निलगिरी, कापूर, अमोनिया यांचा झणका किंवा गारवा जाणवतो तो चेहऱ्याच्या संवेदनेच्या मज्जातंतूमुळे, गंधाच्या नव्हे. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेही त्याच तंतूमुळे. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, निलगिरी तरी येतेय. येत होता तो फक्त गारवा. नाकात काहीतरी ‘झालं’ आणि वास ‘आला’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहायची सवय तेव्हापासून लावली.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच नाकपुडी तपासा. दुसरी बोटाने बाहेरून हलकेच बंद करा, दाबून वाकडी करू नका. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. आतल्या पडद्याला एका बाजूला सूज येते आणि काही तासांनी पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिखार्ड कायझर यांनी हे १८९५ मध्ये नोंदवलं होतं. पुढे १९९९ मधल्या एका प्रयोगात दिसलं की त्यामुळे दोन नाकपुड्यांना जगाचा वासही थोडा वेगळा येतो. काही रेणू वेगवान झोतात नीट पकडले जातात, काही संथ झोतात. तेव्हा सकाळी एक बाजू मंद वाटली तर घाबरू नका, संध्याकाळी पुन्हा पाहा.

डॉक्टरांकडे कधी जायचं, ते इथेच सांगते. वास एकाच बाजूचा गेला असेल, नाकातून रक्त येत असेल, डोक्याला मार लागल्यावर गेला असेल, किंवा सर्दी-ताप काही नसताना हळूहळू जात असेल, तर घरचे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या. हळूहळू जाणारा वास कधी कधी पार्किन्सन किंवा अल्झायमरच्या सुरुवातीचं लक्षण असतो. सर्दीनंतर गेलेला वास दोन-तीन आठवड्यांत परतला नाही तरीही जा. माझ्या डॉक्टरीणबाईंनी बारीक दुर्बीण घालून आत गाठ नाही, पू नाही, वाट मोकळी आहे हे पाहिलं, आणि मगच सराव सांगितला. कोणी नाकात जस्ताचं जेल किंवा फवारा घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. त्याने उरलासुरला वासही जाऊ शकतो.

आत काय चालतं

नाकाच्या पोकळीच्या अगदी वर, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, दोन्ही बाजूंना टपाल तिकिटाएवढा पातळ थर असतो. वास ओळखणाऱ्या पेशी तेवढ्यातच. साध्या श्वासाची हवा खालच्या रुंद वाटेने घशाकडे जाते, छतापर्यंत थोडीच पोचते. आपण हुंगतो तेव्हा हवा उसळून वर चढते. म्हणजे बाटली नाकाशी धरून शांत श्वास घेत बसणं फारसं उपयोगाचं नाही. हुंगायला हवं.

तो थर ओला असतो. रेणू आधी त्या ओलीत विरघळतो आणि मग पेशीच्या केसासारख्या टोकांवरच्या ग्राहक प्रथिनांना भिडतो. एका पेशीवर एकाच जातीचा ग्राहक. माणसात अशा सुमारे ४०० जाती कामात आहेत, कुत्र्यात ८०० च्या आसपास, उंदरात हजारावर, आणि आफ्रिकी हत्तीत जवळजवळ २,०००. ग्राहकांची ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून काढली, त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं.

फक्त ४०० जाती असूनही आपल्याला त्याहून कितीतरी अधिक वास कळतात, कारण एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक जागं करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो. पेटीवर चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्या की जो मेळ उमटतो, तसा प्रत्येक वासाचा मेळ वेगळा. एक पट्टी बदलली तरी मेळ बदलतो. कार्व्होन नावाचा रेणू घ्या. त्याची दोन रूपं आहेत, उजव्या आणि डाव्या हातासारखी, आरशातल्या प्रतिमेएवढाच फरक. एकाला पुदिन्याच्या एका जातीचा वास आहे, दुसऱ्याला शेपूच्या बियांचा. प्रमाणानेही फरक पडतो. जाईच्या फुलात इंडोल नावाचं संयुग असतं. ते अगदी थोडं असलं तर फुलासारखं, जास्त झालं तर विष्ठेसारखं. मुलांना हे सांगितलं की त्यांना माझं खोटं वाटायचं.

पेशींचे धागे चाळणीसारखी भोकं असलेल्या एका हाडातून थेट मेंदूत जातात. डोक्याला जोराचा हिसका बसला तर ते तिथेच तुटू शकतात. आत गेल्यावर ते गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वासाचा निरोप घेणाऱ्या भागात, पोचतात. एका जातीच्या ग्राहकांचे सगळे धागे तिथे ठरावीक गोळ्यांत एकत्र येतात. गंधकंदातून निघालेला निरोप भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे जवळच्या वाटेने जातो. दृष्टी आणि श्रवणाला वाटेत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबावं लागतं, तसं वासाला लागत नाही.

आणि ज्यावर माझी सगळी भिस्त होती ती गोष्ट: वासाच्या पेशी मरतात आणि खालच्या मूळ पेशींपासून नव्या उगवतात, जन्मभर. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशपेशी किंवा कानातल्या केसपेशी माणसात अशा परत येत नाहीत. कोविडच्या काळात ज्यांचा वास गेला त्यांच्यातही विषाणूने मुख्यतः आजूबाजूच्या आधारपेशी धरल्या होत्या, खुद्द वासाच्या नव्हे, असं २०२० मध्ये दिसून आलं. म्हणून त्यांच्यातल्या बहुतेकांचा वास तुलनेने लवकर परतला.

चार बाटल्यांचा सराव

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. सराव केलेल्यांचा वास न केलेल्यांपेक्षा जास्त सुधारला. पुढे इतरांनी पाहिलं की बारा आठवड्यांनी वास बदलले आणि सराव लांबवला तर आणखी फायदा होतो.

माझी तयारी अशी होती. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या, तपकिरी काचेच्या चार लहान बाटल्या. प्रत्येकीत तळाशी जाड कागदाची गोल चकती. प्रत्येक चकतीवर एकेका अर्काचे, म्हणजे सुगंधी तेलाचे, आठ-दहा थेंब, बाटली उपडी केली तरी सांडू नयेत एवढेच. वर चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि भरल्याची तारीख. उन्हात ठेवायच्या नाहीत. दोन-अडीच महिन्यांनी वास मंदावतो, चकती बदलायची. घरात मांजर-कुत्रं असेल तर बाटल्या कुलपात. निलगिरी आणि लवंगेचं तेल त्यांना बाधतं, मांजरांना तर फारच. स्वतःच्या त्वचेलाही अर्क लावू नका आणि नाकात थेंब कधीही टाकू नका.

नाक कोरडं किंवा चोंदलेलं असेल तर आधी मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन घ्या. ते पाणी उकळून थंड केलेलंच हवं, थेट नळाचं नको.

आता हुंगण्याची रीत. शाळेत मी शिकवायचे की परीक्षानळी नाकाखाली धरायची नाही, तळहाताने वारं आपल्याकडे ओढून घ्यायचं. वायूंसाठी तेच बरोबर. या बाटल्या मात्र नाकापासून बोटभर अंतरावर आणा आणि छोटे, हलके, भराभर श्वास घ्या, सशाचं नाक हलतं तसे. छातीभर दीर्घ श्वास ओढू नका, त्याने हवा फुप्फुसात जाते आणि नाक कोरडं पडतं. दहा ते वीस सेकंद एक बाटली. मग झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, पुढची घ्या. चारही बाटल्यांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

बाटली उघडण्याआधी डोळे मिटून तो वास आठवायचा, हा भाग गाळू नका. मला तो आधी भाबडा वाटला होता. पण वास नुसता मनात आणायला सांगितला तरी माणूस नकळत हुंगतो, आणि नाक बंद ठेवलं तर आठवणही फिकी पडते, हे प्रयोगात दिसलं आहे. आठवणं आणि हुंगणं आत कुठेतरी एकमेकांना बांधलेले आहेत. लिंबासाठी मी सालीवर नख रोवल्यावर उडणारा तुषार आठवायचे. लवंगेसाठी मला काहीच आठवत नव्हतं.

वहीत चार रकाने आखा. शून्य ते पाच गुण, आणि शेजारी जे सुचेल ते. माझ्या पहिल्या बावीस दिवसांत सगळीकडे शून्य आहे, निलगिरीपुढे ‘गार’. तेविसाव्या दिवशी लवंगेची बाटली उघडली आणि मला दातांचा दवाखाना दिसला. उंच खुर्ची, कोपऱ्यात पाण्याची बारीक धार, आईचा हात. वास ओळखायला आला नव्हता, नाव तर मुळीच नाही, फक्त ती खोली आली होती. मग कळलं: लवंगेत युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि दंतवैद्य तेच दातात भरायच्या लेपात वापरतात. नाकाने नावाच्या आधी जागा शोधून काढली. त्या दिवशी मी एक गुण दिला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

घाण येऊ लागली तर

तिसऱ्या महिन्यात कॉफी जळक्या रबरासारखी लागायला लागली. कांदा, लसूण, काहीही भाजलेलं, सगळ्याला एकच किळसवाणा दर्प, ज्याला नाव नाही. याला पॅरोस्मिया म्हणतात. नव्या पेशी येत असताना, मेळातल्या काहीच पट्ट्या वाजत असताना असं होतं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की कॉफीच्या शेकडो रेणूंपैकी काही मोजकेच हे घडवतात, त्यात गंधकाचा एक रेणू सर्वांत मोठा दोषी. तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतो, म्हणून दुरुस्त होणाऱ्या नाकाला बहुधा तो आधी सापडतो.

हे दिवस कठीण असतात आणि घरच्यांना ते पटवून देणं आणखी कठीण. व्यवहाराचं सांगते. भाजलेलं-तळलेलं टाळा. पदार्थ कोमट किंवा गार खा, गरम पदार्थातून रेणू जास्त उडतात. सराव थांबवू नका. एखादी बाटली असह्य झाली तर तेवढी आठवडाभर बाजूला ठेवा. वजन उतरायला लागलं तर डॉक्टरांना सांगा. माझं हे साडेतीन महिने चाललं. भाचीने त्या काळात माझ्यासमोर कधी कॉफी केली नाही आणि मला खायचा आग्रहही कधी केला नाही. जवळच्या माणसाने करायची मदत हीच.

भुरीकडे पाहणं

सराव सुरू केल्यावर मी भुरीचं नाक पाहू लागले. इतकी वर्षं तिला फिरवलं, पण हे पाहिलं नव्हतं.

ती हुंगते तेव्हा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करते. नाकपुडीच्या बाजूला जी चीर दिसते तिच्यातून श्वास मागे आणि बाजूला फेकला जातो. समोरचा वास त्यामुळे उडून जात नाही, उलट नवी हवा पुढून ओढली जाते आणि जमिनीवरची धूळ उठते. सकाळी कोरड्या मातीवर तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना धुळीचे बारीक फवारे मी पाहिले आहेत. आत गेल्यावर हवेच्या दोन वाटा होतात. मोठा झोत फुप्फुसाकडे जातो आणि सुमारे आठवा भाग मागच्या आडोशाला, हाडांच्या गुंडाळ्यांत. तिथे वासाच्या पेशींचा पसारा. उच्छ्वासाची हवा त्या आडोशाला जात नाही, म्हणून आलेला वास तिथे टिकतो. आपल्याला ही सोय नाही. आपला प्रत्येक उच्छ्वास त्याच वाटेने परततो.

तिच्याकडे टाळूच्या वर जेकबसनचं इंद्रिय नावाचं आणखी एक गंधयंत्रही आहे. मांजर एखादी जागा हुंगून तोंड अर्धवट उघडं ठेवून थबकतं, घोडा वरचा ओठ वळवतो, तेव्हा ते याच इंद्रियाकडे वास पोचवत असतात. सापाची दुभंगलेली जीभ तर त्यासाठीच. दोन टोकं दोन जागचा वास आणतात, आणि ज्या बाजूला जास्त तिकडे साप वळतो. नाक चेहऱ्यावर असलंच पाहिजे असंही नाही. रेशमाच्या पतंगाचा नर मादीला मिशांनी हुंगतो. तिचा तो गंध, बॉम्बिकॉल, आडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये वेगळा केला, त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि दोन दशकं.

भुरीकडून मी तीन गोष्टी उचलल्या. ती नाक वस्तूपाशी नेते, वस्तू नाकापाशी यायची वाट पाहत नाही. ती वाऱ्याला आडवी, नागमोडी जाते, वास तुटला की जिथे शेवटचा होता तिथे परत येते. आणि ती घाई करत नाही. कुत्र्याला माग कोणत्या दिशेने गेला हे ठरवायला सलग पाच पावलं पुरतात, असं एका अभ्यासात दिसलं. पाचव्या पावलावरचा वास पहिल्यापेक्षा काही सेकंदांनीच ताजा असतो, तेवढा फरक तिला कळतो. पण त्यासाठी प्रत्येक पाऊल हुंगावं लागतं. साखळी ओढून तिला पुढे नेणारी मी, तिच्या हातातलं पुस्तक हिसकावत होते.

आता रोज दहा मिनिटं आमचा खेळ असतो. तुमच्याकडे कुत्रं असेल तर असा सुरू करा. तीन रिकामे पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवा, एकात तिच्या आवडीचा तुकडा. बोट दाखवू नका, ‘इथे, इथे’ म्हणू नका, आपण नुसतं उभं राहायचं. सापडलं की त्याच जागी शाबासकी आणि त्याच जागी आणखी एक तुकडा. चार-पाच दिवसांनी खोक्यांची झाकणं लावा, भोकं पाडून. मग खोके वेगवेगळ्या खोल्यांत. मग तुकड्याऐवजी तुमचा वापरलेला हातमोजा. अर्कांचे थेंब या खेळात आणू नका. पंखा एकदा बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून पाहा, ती कुठून वळते ते. हवेत वास कसा वाहतो याचा नकाशा तुमच्या डोळ्यांसमोर काढला जातो. शेजारी पाणी ठेवा, हुंगण्याने कुत्रं खरोखर दमतं.

मग स्वतः गुडघ्यांवर

माणसाचं नाक मुळातच अधू, हे मी वर्गात सांगत आले होते. ते चूक होतं आणि मला त्याची रुखरुख आहे. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ जॉन मॅक्गन यांनी २०१७ मध्ये या समजाचा माग काढला तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांच्या मांडणीपाशी पोचला, मापनापाशी नव्हे. आपला गंधकंद मेंदूच्या मानाने लहान दिसतो, पण त्यातल्या चेतापेशींची संख्या इतर सस्तन प्राण्यांच्या तोडीची आहे. काही रेणूंच्या बाबतीत माणूस कुत्र्यालाही मागे टाकतो. ओल्या मातीच्या वासातला जिओस्मिन, जो मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जंतू तयार करतात, तो आपल्याला अतिसूक्ष्म प्रमाणात कळतो.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात जेस पोर्टर, नोम सोबेल आणि सहकाऱ्यांनी गवतात चॉकलेटच्या अर्कात भिजवलेली दहा मीटर दोरी टाकली. ३२ जणांचे डोळे, कान आणि हात झाकून त्यांना रांगत माग काढायला लावला. दोन तृतीयांश लोकांना तो जमला. सरावाने ते अधिक वेगाने जाऊ लागले आणि भराभर हुंगू लागले. एक नाकपुडी बंद केल्यावर चुका वाढल्या. कुत्र्यासारखेच तेही मागाच्या आरपार नागमोडी जात होते, कोणी शिकवलं नसताना.

मी हे आठव्या महिन्यात केलं, लिंबू आणि लवंग बऱ्यापैकी परतल्यावर. दोरी लवंगेची, कारण चॉकलेट कुत्र्याला विषारी आणि गवत भुरीचं नेहमीचं. तिला त्या वेळी घरात ठेवलं आणि दोरी नंतर पूर्ण गुंडाळून नेली. तुम्ही करणार असाल तर जाड सुती दोरी घ्या, दुसऱ्या कोणाला एक वळण देऊन ती टाकायला सांगा, गुडघ्यांना फडकी बांधा. वेळ सकाळची, दव असताना आणि वारा पडलेला असताना. नाक गवतापासून चार बोटं वर. पहिल्या दिवशी मी वळणावरून सरळ निघून गेले. दुसऱ्या दिवशी थांबले, परत फिरले, पुन्हा हरवले. चौथ्या दिवशी वळणावर लवंग एकदम डाव्या अंगाला गेली, अगदी आवाज सरकावा तशी, आणि मी वळले. नाकाला दिशा कळते हे मी वाचलं होतं. पण ते अंगाने कळल्यावर मी तिथे गवतात बसून रडले.

शब्द ठेवा

वहीत गुण लिहून भागत नाही, शब्द लागतो. ‘छान’ आणि ‘घाण’ यांनी नाक शिकत नाही. मलायी द्वीपकल्पातल्या जाहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत आणि ते लोक आपण रंग सांगतो तितक्या सहज वास सांगतात, हे २०१४ मध्ये असिफा माजिद आणि निकलास बुरेनहुल्ट या भाषा-अभ्यासकांनी दाखवलं. हे वाचून मी आपल्या भाषेतले शब्द गोळा करू लागले. कुबट, खवट, करपट, ओशट, मातकट, धुरकट, हिरवट, कुजकट, कोंदट. आणि वास कसा पसरतो त्याचे वेगळे: दरवळ, घमघमाट, भपकारा, दर्प. सतराव्या आठवड्यात मी लिंबापुढे ‘हिरवट, कडेला करपट’ असं लिहिलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत तो करपटपणा ओसरताना मला स्पष्ट दिसला. शब्द नसता तर तो ओसरला हे कळलंच नसतं.

सराव असा: आपण डोळे मिटा आणि कोणाला तरी तीन वस्तू हुंगवायला सांगा. वस्तूचं नाव घ्यायचं नाही, आधी तीन विशेषणं. नाव नंतर. एका जागी फार वेळ हुंगू नका. दोन-तीन मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि तो नाहीसा होतो, म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. मधे स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगा. आपल्याच अंगाचा वास नाकाला ओळखीचा असतो, त्यावर ते विसावतं. घराचा वास कळायला हवा असेल तर दोन-चार दिवस बाहेरून परतल्यावर दार उघडताच पहिले तीन श्वास लक्ष देऊन घ्या.

वास पूर्ण परतेपर्यंत गॅसगळतीचा आणि धुराचा इशारा देणारी यंत्रं घरात लावा. मी ती अजून काढलेली नाहीत. उरलेल्या अन्नावर तारीख लिहा, नाकावर विसंबू नका.

बाटल्या मी आता तिसऱ्यांदा बदलल्या आहेत. निलगिरी पाच, लवंग पाच, लिंबू चार. त्यांच्या जागी व्हॅनिला, दालचिनी आणि देवदार आले. गुलाबाची बाटली मात्र तिथेच आहे. तिच्यातून चौदा महिन्यांत काही आलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटते, पाकळीचा मऊपणा आठवते आणि वीस सेकंद घेते. आज सकाळची नोंद: ‘गुलाब, शून्य. किंचित थंड? उद्या डावी नाकपुडी आधी.’